एकाच खुंटीवर टांगलेला आत्मसन्मान
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: 'आत्मसन्मान वाढवायचा कसा?' त्यातला 'वाढवायचा' हा शब्द आम्हाला खटकतो. रक्तदाब जसा जितका जास्त तितका चांगला असं नसतं, तसंच याचंही आहे. तो किती उंच आहे यापेक्षा कशावर उभा आहे आणि एका टोमण्याने किती हलतो, हे आधी पाहावं लागतं. उत्तरं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

प्रश्न: इंटरनेटवर 10 विधानांची एक चाचणी सोडवली. 30 पैकी 15 गुण आले. मैत्रिणीला त्याच चाचणीत 31 मिळाले. मी इतकी मागे आहे का? (वय 24)

आधी बेरीज तपासा. ही बहुधा मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 1965 साली मांडलेली मापनश्रेणी असावी. तिच्यातली 5 विधानं स्वतःबद्दल चांगलं बोलणारी असतात आणि 5 वाईट बोलणारी. चांगल्या विधानांना 'पूर्ण सहमत' म्हटलं की 3 गुण आणि 'पूर्ण असहमत' म्हटलं की 0. वाईट विधानांचं मोजमाप याच्या बरोबर उलटं करायचं असतं, आणि नेमकं हेच लोक विसरतात. उलटं न करता सरळ बेरीज केली, तर स्वतःवर पूर्ण खूश असलेल्या माणसाचे 15 होतात आणि स्वतःला पार टाकाऊ समजणाऱ्याचेही 15च होतात. त्यामुळे हाताने केलेल्या बेरजेत 15 आले की आम्हाला पहिली शंका बेरजेचीच येते.

मैत्रिणीचे 31 तर 30 पैकी असूच शकत नाहीत. काही ठिकाणी प्रत्येक विधानाला 0 ते 3 ऐवजी 1 ते 4 गुण देतात. तिथे कमाल गुण 40 आणि किमान 10. म्हणजे तिचे 31 हे तुमच्या मापात 21 झाले. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेल्या उंचीची तुलना झाली आहे.

बेरीज बरोबर असली तरी 15 हा निदानाचा आकडा नाही. त्यापेक्षा असं करा. सलग 7 दिवस सकाळी एकदा आणि रात्री एकदा तीच 10 विधानं वाचा, पण 'एरवी' कसं वाटतं ते न लिहिता 'आत्ता, या घटकेला' काय वाटतं ते नोंदवा. 14 आकडे मिळतील. सरासरी काढण्याआधी सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यातलं अंतर पाहा. मायकेल कर्निस या मानसशास्त्रज्ञाने अशाच वारंवार घेतलेल्या नोंदींवरून दाखवलं, की आत्मसन्मान उंच असला तरी तो दिवसागणिक वरखाली होत असेल तर माणूस चटकन दुखावतो, चिडतो, बचावाच्या पवित्र्यात जातो. तुमचे आकडे 13 ते 17 मध्ये फिरत असतील तर गोष्ट वेगळी आणि 8 ते 24 मध्ये उड्या मारत असतील तर वेगळी. उड्या असतील तर प्रत्येक घसरणीच्या आधीच्या दोन-तीन तासांत काय घडलं ते शेजारी लिहा. तुमचा आत्मसन्मान कोणत्या खुंटीवर टांगलेला आहे, ते त्या नोंदींतून कळेल.

प्रश्न: तीन महिने रोज सकाळी आरशासमोर 'मी सर्वोत्तम आहे, मी यशस्वी आहे' असं वीस वेळा म्हणते. सुरुवातीला हसू यायचं, आता रडू येतं. माझंच काही चुकतंय का?

तुमचं चुकत नाहीये. पद्धतच चुकीच्या माणसाला दिली गेली आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. चार मिनिटं, दर 15 सेकंदांनी घंटा वाजली की मनात म्हणायचं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.' ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. ज्यांना गरज, त्यांनाच अपाय.

कारण साधं आहे. न पटणारं वाक्य मनापुढे ठेवलं की मन उलटतपासणी सुरू करतं. 'यशस्वी? मग परवाचं काय?' तुम्ही वीस वेळा दावा करता आणि मन वीस वेळा तो खोडून काढतं. शेवटी सराव होतो तो खोडण्याचा. 'पी हळद आणि हो गोरी' अशातला हा प्रकार.

वाक्यं सोडायची नसतील तर बदला. प्रत्येक वाक्य लिहून त्यापुढे ते किती खरं वाटतं ते 0 ते 100 मध्ये मांडा. 70 च्या खालचं वाक्य वापरू नका. 'मी उत्तम वक्ता आहे' हे 10 वर असेल, तर ते उतरवत न्या: 'लोकांसमोर बोलताना मला धडधडतं, तरी तयारी केली असेल तर पहिली दोन मिनिटं मी नीट बोलू शकते.' हे कदाचित 75 वर येईल. फरक पाहा. पहिल्या वाक्यात विशेषण आहे, दुसऱ्यात क्रियापद. विशेषणाला पुरावा मागितला जातो, क्रियापद स्वतःचा पुरावा सोबत आणतं.

आणि ती सकाळची दहा मिनिटं वाक्यांऐवजी कृतीला द्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये 'आपल्याला हे जमेल' या विश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः केल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहणं, कुणी तरी धीर देणं, आणि शरीराच्या खुणा, म्हणजे धडधड, थकवा वगैरे. त्यांत पहिला सगळ्यांत बळकट. शब्दांनी दिलेला धीर त्यामानाने दुबळा, मग तो इतरांचा असो की आरशातला. म्हणून अवघडपणा 100 पैकी 30-40 वाटेल असं एक लहान काम निवडा: टाळलेला एक फोन, अर्धवट अर्जाचं एक पान. 70-80 चं काम पहिल्याच आठवड्यात घेतलं की हमखास फसतं, आणि मग 'बघ, नाहीच जमत' याला नवा पुरावा मिळतो.

प्रश्न: कामात एखादी चूक झाली की दोन-दोन रात्री झोप नाही. आत कुणीतरी सतत रागावत असतं. घरचे म्हणतात, 'विचार करू नकोस.' तो थांबवायचा कसा? (वय 31)

थांबवायचा नाही. 'विचार करू नकोस' हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी निरुपयोगी आहे. विचार दाबला की तो दुप्पट जोराने उसळतो. त्याला डोक्यातून कागदावर आणायचं.

वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा. पहिल्यात घटना, फक्त कॅमेऱ्यात दिसली असती तेवढीच: 'अहवालातल्या एका तक्त्यात जुने आकडे गेले. वरिष्ठांनी दुपारी फोन करून विचारलं.' दुसऱ्यात मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्यावर त्या क्षणी किती विश्वास होता ते टक्क्यांत. तिसऱ्यात ते वाक्य खरं असल्याचे पुरावे, चौथ्यात ते पूर्ण खरं नसल्याचे पुरावे. पाचव्यात दोन्ही बाजू धरून नवं वाक्य आणि मूळ वाक्यावरचा आताचा विश्वास. 90 वरून 60 वर आला तरी पुष्कळ झालं. शून्यावर आणायचा हट्ट नको. तो शून्यावर आला तर बहुधा तुम्ही स्वतःला फसवलेलं असतं.

वाचायला हे सोपं वाटतं, आणि तरी बहुतेकांचं फसतं. कुठे फसतं ते सांगतो.

पहिली चूक दुसऱ्या रकान्यात होते. लोक तिथे प्रश्न लिहितात: 'मी असा का आहे?' प्रश्नाचा पुरावा तपासता येत नाही. त्याचं विधान करा: 'मी निष्काळजी माणूस आहे.' आता तपासता येईल. काही जण तिथे 'लाज वाटली' असं लिहितात. ती भावना झाली, विचार नव्हे. लाज वाटली त्या क्षणी मन काय म्हणालं, ते हवं.

दुसरी चूक पुराव्यांच्या रकान्यात. 'मला तसं वाटतं' हा पुरावा नाही. न्यायालयात टिकेल असंच लिहा. 'गेल्या सहा महिन्यांत 22 अहवाल दिले, दुरुस्तीसाठी 2 परत आले' हा पुरावा.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते: हे सगळं मनातल्या मनात करणं. डोक्यात आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच असतो, आणि निकाल आधीच लागलेला असतो. लिहायलाच हवं. पण अंथरुणात नको. झोपायच्या निदान तासभर आधी, खुर्चीत बसून, 20 मिनिटांचा गजर लावून.

चौथ्या रकान्यात काहीच सुचत नसेल तर स्वतःला विचारा: हीच चूक जवळच्या सहकाऱ्याने केली असती तर मी त्याला काय म्हटलं असतं? 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण स्वार्थी माणसांसाठी आहे. आत्मसन्मान खचलेल्यांचं गणित नेमकं उलटं चालतं: दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं. क्रिस्टिन नेफ यांनी 2003 पासून ज्याचा अभ्यास मांडला त्या स्वकरुणेचे तीन भाग इथे उपयोगी पडतात. स्वतःशी मित्रासारखं बोलणं हा पहिला. चुका सगळ्यांच्याच होतात, मी एकटाच अपवाद नाही, हे आठवणं हा दुसरा. आणि जे दुखतंय ते न फुगवता, न लपवता पाहणं हा तिसरा.

करुणा म्हणजे चूक पोटात घालणं मात्र नव्हे. पानाच्या तळाशी तीन ओळी हव्यातच: काय चुकलं, दुरुस्त काय करणार, कधीपर्यंत. 'उद्या सकाळी 11 पर्यंत सुधारित तक्ता पाठवीन. पुढच्या वेळी पाठवण्याआधी आकड्यांवरची तारीख तपासीन.' एवढं लिहून वही मिटा.

चार-पाच आठवड्यांनी पानं चाळलीत तर दिसेल, की दुसऱ्या रकान्यात तीच दोन-तीन वाक्यं फिरून फिरून येतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मेलनी फेनेल यांनी 1997 मध्ये मांडलेल्या पद्धतीत याला तळाचा निष्कर्ष म्हणतात: 'मी पुरेसा चांगला नाही.' त्याच्यावर एक नियम उभा असतो: 'एकही चूक केली नाही तरच मी चालतो.' नियम पाळला जातो तोवर सगळं ठीक, मोडला की तळ उघडा पडतो. तळाचं वाक्य रोजच्या रकान्यांनी हलत नाही. त्यासाठी वेगळी वही.

तिच्या पहिल्या पानावर जुनं वाक्य आणि त्याच्याखाली नवं, पटण्यासारखं वाक्य लिहा: 'मी बहुतेक कामं नीट करतो आणि कधीकधी चुकतो.' मग रोज 3 नोंदी, नव्या वाक्याच्या बाजूच्या. लहान चालतील, पण ठोस हव्यात: कुठे, केव्हा, काय केलं. 'दिवस चांगला गेला' चालणार नाही. 'सकाळच्या बैठकीत मला कळलं नाही तिथे विचारलं' चालेल. आठवड्यातून एकदा नव्या वाक्यावरचा विश्वास 0 ते 100 मध्ये नोंदवा. पहिले दोन-तीन आठवडे आकडा बहुधा हलणार नाही, तेव्हा वही फेकू नका. वर्षानुवर्षं चांगल्या गोष्टी पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारख्या ओघळून गेल्यात. घडा उताणा करायला वेळ लागतो. नोंदीत 'पण' किंवा 'त्यात काय मोठंसं' आलं, की त्या शब्दापासून पुढचं सगळं खोडा.

प्रश्न: निवृत्त होऊन आठ महिने झाले. पदावर होतो तोवर लोक विचारायला यायचे. आता फोन वाजत नाही. आपण कुणीच नव्हतो असं वाटतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये एक छोटं समीकरण दिलं होतं: आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. अंश वाढवा किंवा छेद कमी करा, दोन्हींनी उत्तर वाढतं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या गोष्टीत आपण बाजी लावलेलीच नसते, तिथली हार आपल्याला लागत नाही. तुम्ही मात्र सगळी बाजी एकाच ठिकाणी लावली होती, आणि ते ठिकाण आता राहिलं नाही.

जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून अशा सात खुंट्या मांडल्या: इतरांची पसंती, रूप, स्पर्धेत सरस ठरणं, अभ्यासातली गती, कुटुंबाचा आधार, सचोटी आणि देवाचं प्रेम. तुमच्या वयाला अभ्यासाच्या जागी 'काम' वाचा. यांतल्या पहिल्या काही खुंट्या दुसऱ्याच्या भिंतीवर आहेत. तिथे आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत असतो. सचोटीसारखी खुंटी बरीचशी आपल्या हातात असते.

एक वर्तुळ काढा आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी तुमची स्वतःबद्दलची किंमत कशाकशातून येत होती, त्याचे तुकडे पाडा. पद 80, कुटुंब 15, उरलेलं 5, असं काहीसं निघेल. एकच तुकडा निम्म्याहून मोठा असेल तर तो गेल्यावर माणूस कोसळणारच. त्यात स्वभावाचा दोष नाही, ते वजनाचं गणित आहे. मग दुसरं वर्तुळ: सहा महिन्यांनी ते कसं दिसावं? 80 चा तुकडा पुसायची गरज नाही. 'मी हे काम तीस वर्षं केलं' हे खरंच आहे. शेजारी दोन नवे तुकडे आणा आणि प्रत्येकाला आठवड्याचे दोन तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी द्या. 'जमेल तेव्हा' म्हटलं की आठवडे निघून जातात. सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय 'यात मन रमत नाही' हा निकाल देऊ नका.

निवड करताना एक सांभाळा. नव्या ठिकाणी पुन्हा अध्यक्ष, पुन्हा पहिला नंबर, पुन्हा सत्कार असंच सुरू झालं तर खुंटी तीच राहते, फक्त भिंत बदलते. निदान एक तुकडा असा हवा जिथे तुम्ही नवशिके आहात आणि कुणी गुण देत नाही.

जाता जाता: अनेक देशांतल्या दीर्घकालीन अभ्यासांचं एकत्रित चित्र असं आहे, की आत्मसन्मान तरुणपणापासून वाढत जाऊन साठीच्या आसपास शिखरावर असतो. म्हणजे तुमच्या वयात तो ढासळलाच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही.

प्रश्न: मुलगी 9 वर्षांची आहे. तिचा आत्मविश्वास वाढावा म्हणून आम्ही प्रत्येक चित्राला 'अप्रतिम! जगातलं सर्वांत सुंदर!' म्हणतो. पण ती हल्ली सोपी चित्रंच काढते. असं का?

कारण तुम्ही तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय आणि तिला खाली पडायची भीती वाटतेय. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हेच तपासलं. 8 ते 12 वर्षांच्या मुलांच्या चित्रांना एका गटात 'सुंदर' म्हटलं आणि दुसऱ्यात 'कमालीचं सुंदर'. नंतर सोपी की अवघड चित्रं काढायची ते मुलांनी निवडायचं होतं. ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नव्हता, ती फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड चित्रं टाळू लागली. पंचाईत अशी, की मोठी माणसं असं फुगीर कौतुक नेमकं अशाच मुलांचं जास्त करतात.

मग करायचं काय? विशेषण कमी, निरीक्षण जास्त. 'पाण्यातली सावली उलटी काढलीस, ते मी आत्ता पाहिलं.' 'हा रंग दोनदा पुसून पुन्हा भरलास ना?' कधीकधी नुसतं 'याबद्दल सांग' पुरतं. 'किती हुशार आहेस' हेही जपून. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत हुशारीबद्दल कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर माघार घेत होती. ज्यांच्या मेहनतीला दाद मिळाली ती जास्त वेळ टिकली. मात्र मेहनत झालेलीच नसताना 'किती मेहनत घेतलीस' म्हणू नका, मुलांना ते लगेच कळतं.

चित्र बिघडलं त्या दिवशी तुमचं वागणं बदलत नाही ना, हे कौतुकाच्या शब्दांपेक्षा महत्त्वाचं. जवळ घेणं, शेजारी बसणं चित्राच्या दर्जावर अवलंबून नसावं. ब्रुमेलमन यांच्याच 2015 च्या अभ्यासात पालकांच्या मायेतून मुलांचा आत्मसन्मान वाढताना दिसला, आणि 'आमचं मूल इतरांपेक्षा खास' या समजुतीतून आत्मप्रौढी.

प्रश्न: म्हणजे आत्मसन्मान फार वाढला की अहंकार होतो, असंच ना?

नाही. तो त्याच जिन्याचा वरचा मजला नव्हे, तो जिनाच वेगळा. आत्मसन्मान म्हणतो, 'मी ठीक आहे, तूही ठीक आहेस.' आत्मप्रौढी म्हणते, 'मी तुझ्याहून वरचा.' तिला कायम कुणीतरी खाली लागतं. ओळखायची सोपी जागा म्हणजे टीका. टीका ऐकून वाईट वाटणं दोघांतही असतं. पण पहिला विचारतो, 'यातलं खरं किती?' दुसरा टीका करणाऱ्याची लायकी काढतो.

प्रश्न: मला 'नाही' म्हणता येत नाही. सगळ्यांची कामं माझ्यावर येतात. एकदा हिंमत करून नाही म्हटलं तर भांडणच झालं. (वय 38)

बहुधा फार दिवस साठवून, मोठ्या गोष्टीला, रागाच्या भरात नाही म्हटलं असेल. तसं म्हटलेलं 'नाही' समोरच्याला धक्क्यासारखं लागतं.

तुमच्या मनातला नियम बहुधा असा आहे: 'नाही म्हटलं तर मी लोकांना नकोशी होईन.' नियम वाद घालून मोडत नाही, प्रयोग करून मोडतो. आठ विनंत्यांची यादी करा आणि नाही म्हणायला किती जड जाईल त्यानुसार 0 ते 100 आकडे द्या. सुरुवात 30 वाल्यापासून. त्याआधी भाकीत लिहा, मोजता येईल असं: 'ती चिडेल आणि आठवडाभर बोलणार नाही. खात्री 80 टक्के.' मग नाही म्हणा आणि खरंच काय झालं ते सात दिवसांनी लिहा. भाकीत आधी लिहिलं नाही तर प्रयोग वाया जातो, कारण नंतर मन म्हणतं, 'हे सोपंच होतं.'

वाक्य दोन भागांचं ठेवा: 'हे आज मला जमणार नाही. गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास देऊ शकेन.' दुसरा भाग खरा असेल तरच जोडा. पाच कारणं दिली की समोरचा पाचही सोडवून देतो आणि मग तुमच्याकडे नकार उरत नाही. एक कारण पुरे, कधी तेही नको. पटकन 'हो' निघून जातं त्यांनी 'तासाभराने कळवते' हे वाक्य पाठ करावं.

नाही म्हटल्यावर अपराधी वाटेल, ते चूक झाल्याचं लक्षण नाही. ते अर्ध्या-एका तासात उतरू लागतं. त्या वेळेत माफीचा मेसेज पाठवला की तुम्ही जुन्याच नियमाला खतपाणी घातलंत. आणि सात दिवसांनी भाकीत खरं ठरलं, खरंच कुणी अबोला धरला, तर त्या नात्याबद्दल एक माहिती मिळाली. ती तुमच्या किमतीबद्दलची माहिती नव्हे.

प्रश्न: हे सगळं घरी करायचं की तज्ज्ञाकडे जायचं? सीमारेषा कोणती?

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर हे नुसतं आत्मसन्मानाचं प्रकरण नाही. नैराश्य स्वतःबद्दलचं मत काळवंडून टाकतं, आणि त्यावर आधी उपचार लागतात. वहीचे रकाने भरताना दरवेळी आणखी खोल जात असाल, किंवा लहानपणच्या मारहाणीच्या, छळाच्या आठवणी वर येत असतील, तर एकट्याने पुढे जाऊ नका. 'आपण नसलेलंच बरं' असे विचार येत असतील तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला गाठा आणि घरातल्या एकाला सांगा. मानसशास्त्रज्ञाकडे जाताना विचारा, की विचार आणि वर्तन यांवर आधारलेली उपचारपद्धती ते वापरतात का, आणि साधारण किती बैठका लागतील. असं विचारणं उद्धटपणाचं नाही.

प्रश्न: नवरा स्वतःला फार कमी लेखतो. मी कितीही कौतुक केलं तरी म्हणतो, 'तू माझी बायको, तू असं म्हणणारच.' आता मीच थकलेय. काय करू?

कौतुकाची मात्रा वाढवू नका. स्वतःबद्दल माणसाचं जे मत असतं, त्याच्याशी जुळणारंच त्याला खरं वाटतं, मग ते मत वाईट का असेना. विल्यम स्वॉन यांनी ही प्रवृत्ती सविस्तर अभ्यासली आहे. तुमचं मोठं कौतुक त्यांच्या मताशी जुळत नाही, म्हणून ते परत पाठवतात.

ते निराश होऊन काही सांगतात तेव्हा 'अरे, काही नाही, तू तर ग्रेट आहेस' हे वाक्य गिळून टाका. डेनिस मॅरिगोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्मसन्मान कमी असलेल्यांना असा उजळ मुलामा नकोसा वाटला. 'हे खरंच त्रासदायक आहे, वाईट वाटणारच' असं कुणी म्हटलेलं त्यांना जवळचं वाटलं. तेव्हा आधी तेवढंच म्हणा आणि थोडा वेळ थांबा. उपाय विचारला तरच सांगा.

कौतुक करायचंच तर नेमक्या घटनेचं, आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते जोडून: 'काल माझं डोकं दुखत होतं तेव्हा तू न सांगता मुलांना घेऊन बाहेर गेलास. मला तासभर झोप मिळाली.' झोप मिळाली हे खोडता येत नाही. मॅरिगोल्ड यांच्याच 2007 च्या कामातली एक युक्तीही करून पाहा. जोडीदाराने केलेलं कौतुक नुसतं आठवायला सांगितलं तर अशा माणसांवर फारसा परिणाम होत नव्हता. पण जोडीदाराला ते का आवडलं, आपल्याला त्याचं काय वाटलं आणि दोघांच्या नात्यात त्याचा अर्थ काय, हे स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगितलं, की ते आत झिरपत होतं. तुम्ही त्यांना हसत विचारू शकता, 'मला ते का आवडलं असेल, सांग बघू?' उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका, दुसऱ्या दिवशीही नाही.

तुमच्या थकण्याबद्दल: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या स्वतःच्या ठेवा, आणि त्यांना तसं आधी सांगून ठेवा. न सांगता दूर राहिलात तर त्याचा अर्थ ते स्वतःच्या विरोधातच लावतील.